भीमेच्या बेटावरची साखळी

भीमेतलं बेट दोन गावांत निम्मं-निम्मं वाटायला कमलाकर मोजणीदार १९३१च्या भाद्रपदात निघाला. मागल्या साली तिथल्या गवतापायी कुऱ्हाडी चालल्या होत्या. आता दोन्ही गावं एका अटीवर राजी होती : साखळी दोघांची माणसं धरतील. अलीकडचा बिरप्पा धनगर, पलीकडचा संगप्पा.

सकाळी अलीकडच्या गावच्या चावडीपुढच्या फरशीवरल्या दोन खुणांना साखळी लावली. तेहतीस फूट, सोळा आणे, बिनचूक! संध्याकाळीही ती तशीच भरायला हवी. नाहीतर दिवसभराची मोजणी रद्द, असा खात्याचा नियम.

गुडघाभर पाण्याच्या उतारातून तिघं बेटावर गेले.

"ताठ धर की! म्हशीचं दावं न्हाय ते," बिरप्पा ओरडायचा.

"तू मेंढरं मोज जा!" संगप्पा उलटायचा.

मोजणी संपली आणि पाण्याचा आवाज बदलला. इथल्या आभाळात ढग नव्हता. घाटात कोसळलेलं पाणी आत्ता पोचत होतं! उतार बुडाला. गवत बुडालं. तिघं बेटाच्या टोकावरल्या खडकावर चढले. पाणी पावलांना लागलं.

बिरप्पाचा पटका आणि दोन धोतरं गाठी मारून खडकाजवळच्या झाडाच्या खोडाला बांधली आणि ओढून पाहिली. पहिल्याच हिसक्याला चिरफळ्या!

"काठ एका साखळीच्या आत हाय," बिरप्पा म्हणाला. "द्या ती."

कमलाकरने साखळी पोटाशी धरली. ताणली की कड्या उघडणार, मोजणी जाणार, कुऱ्हाडी पुन्हा निघणार.

"अय्यो साहेब, आमीच मेलो तर बेट वाटून घ्यायचं कुनी?" संगप्पा म्हणाला.

पाणी पोटरीला आलं. कमलाकरने साखळी दिली.

बिरप्पा कमरेला एक टोक बांधून झेपावला; दुसरं कमलाकरने धरून ठेवलं. बुडाला! वर आला! काठच्या बाभळीला लटकला. त्याने टोक बुंध्याला आवळलं. संगप्पा साखळी धरून गेला. मग कमलाकरने उरलेलं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि उडी घेतली. प्रवाहाने त्याला फेकलं, साखळी करकरली. काठावर दोघं वैरी खांद्याला खांदा लावून ओढत होते.

संध्याकाळी चावडीपुढे साखळी खुणेच्या चार बोटं पुढे गेली. भोवती गावातली आणि मोजणीसाठी सकाळीच आलेली पलीकडची माणसं जमली होती.

"मोजणी रद्द," कमलाकर म्हणाला.

मग बिरप्पाने सोललेले तळहात संगप्पाच्या सोललेल्या तळहातांशेजारी धरले.

"पानी उतरलं की पुन्यांदा मोजू. तवर माजं मेंढरू तितं जानार न्हाय."

"माजं जनावरबी न्हाय," संगप्पा म्हणाला. "पन साहेब, साखळी आमीच धरनार!"