दक्षिणेला पाय

बोरवळच्या गावड्यांच्या घरात भात एका राज्यात शिजायचा आणि दुसऱ्या राज्यात खाल्ला जायचा. सोपा महाराष्ट्रात, त्याला लागून दक्षिणेची खोली म्हणजे स्वयंपाकघर कर्नाटकात, आणि दोन राज्यांची शीव बरोबर मधल्या उंबरठ्यावर. घरी कुणी आलं की पुंडलिक गावडे हटकून म्हणायचे, "थांबा, परराज्यातनं चहा मागवतो." पाहुणा हसायचा. आत शालनबाई भांडं आपटायच्या. लग्न होऊन आल्यापासून हा विनोद ऐकून त्यांचे कान किटले होते.

तोवर ती हसण्यावारी न्यायचीच गोष्ट होती. मग शालनबाईंना तो आजार झाला. स्वादुपिंडात सुरू होऊन मणक्यात उतरलेला. बेळगाव अर्ध्या तासावर, म्हणून सगळं दाखवणं बेळगावलाच झालं. तिथल्या डॉक्टर हिरेमठ बाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, "बरं करणं आता माझ्या हातात नाही. पण दुखू देणार नाही, एवढा शब्द देते." आणि दुखणं थांबवणाऱ्या शहाण्या पट्टीची चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी ऋतुजाने आपल्या दुकानातल्या यंत्रापुढे धरली. ऋतुजा शालनबाईंची सून, औषधशास्त्र शिकलेली. तिचं औषधांचं दुकान तिठ्यावर होतं, म्हणजे महाराष्ट्रात. यंत्राने चिठ्ठी वाचली आणि लाल अक्षरं दाखवली: परराज्यातील डॉक्टर. औषध देता येणार नाही. कपाटाचा कप्पा उघडलाच नाही. काचेआड पट्ट्यांची खोकी दिसत होती, हातभर अंतरावर.

"अरे, माझ्या सासूची आहे ती चिठ्ठी!" ऋतुजा यंत्रावर ओरडली. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं हे बरं.

पूर्वी असं नव्हतं. परराज्यातली चिठ्ठी आली तर दुकानदार ती वाचायचा, डॉक्टरला फोन करायचा, समोरच्या माणसाचं तोंड बघायचा आणि आपल्या अकलेने ठरवायचा. पण खोट्या चिठ्ठ्यांवर वेदनाशामकांचा बाजार मांडला गेला, कॉलेजातली पोरं त्यात मेली, खोटं कशाला बोला. मग राज्याराज्यांनी कायदे केले. डॉक्टर ज्या राज्यात नोंदलेला, तिथेच त्याची चिठ्ठी चालेल. आणि कायदा माणसांच्या हाती ठेवला तर ती कनवाळूपणा करतात, म्हणून तो औषधातच घातला. शहाणी पट्टी ही त्याचीच करामत. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी खांद्याला चिकटवायची. ती घामावरून आणि नाडीवरून दुखणं ओळखते आणि दिसणारही नाहीत अशा सुयांनी थेंबथेंब औषध सोडते. शिवाय आपण कुठे आहोत, हे ती उपग्रहाला विचारत राहते. डॉक्टरच्या राज्यात असली तर तिच्यावरचा ठिपका हिरवा. राज्याबाहेर गेली की ठिपका तपकिरी, आणि पट्टी झोपली. कायदा करणाऱ्यांच्या नकाशात बोरवळ कुणी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच.

पट्टी शेवटी बेळगावच्या दुकानातून घेतली, तिथेच लावली. जीपमध्ये शालनबाईंना इतका गाढ डोळा लागला की पुंडलिक सारखे त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघत होते. तिठ्याजवळ शिवेची पाटी मागे गेली आणि थोड्या वेळाने त्या किंचाळत जाग्या झाल्या.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," पुंडलिक दात खात म्हणाले. "कसली शहाणी ही?"

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायला नाही म्हटलं नाही. पण या औषधासाठी रोगी समोरासमोर तपासायलाच हवा, पडद्यावर पाहून चालत नाही, हाही कायदाच. डॉक्टरांनी बोरवळला यायचं, तर तारीख मिळाली गणपतीनंतरची. म्हणून गादी घालून गाडी काढली. घाटाच्या पहिल्याच वळणावर शालनबाईंनी नवऱ्याचा हात आवळला. "अवं, माघारी फिरवा. मला कोल्लापूर नको, काय नको."

घरी आणून त्यांना सोप्यावर, पुंडलिकांच्या खाटेवर निजवलं. दार पूर्वेला, दारातून रस्ता दिसतो. त्या हालातही त्या एकदा म्हणाल्या, "इथं बरं वारं येतंय गं. मला ठावंच नव्हतं."

एके सकाळी ऋतुजा परसात होती आणि गॅसवर दूध उतू जायला लागलं. वास आला तशा शालनबाई उठल्या. मरणाऱ्या बाईलाही उतू जाणारं दूध बघवत नाही. भिंत धरत, विव्हळत त्या उंबरठा ओलांडून आत गेल्या, गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसल्या. ऋतुजा धावत आली तेव्हा त्या ओट्याला टेकून शांत बसल्या होत्या.

"थांबलं बघ," त्या नवलाने म्हणाल्या. "माझ्या चुलीला माझी कणव आली."

ऋतुजाने त्यांच्या खांद्यावरचा पदर सारला. ठिपका हिरवा होता. उंबरठ्यापलीकडे कर्नाटक, हे ती लग्नापासून ऐकत आली होती. पट्टीने ते आज मनावर घेतलं होतं.

खाट स्वयंपाकघरात आली. शालनबाई झोपू लागल्या, दोन घास मऊ भात खाऊ लागल्या, आणि खाटेवरून सुनेच्या फोडणीला नावंही ठेवू लागल्या. "मोहरी तडतडू दे की गं! कुठं गाडी सुटाय लागलीय?" मुलगा विनायक ट्रकवर असायचा, घरी येईल तेव्हा आईच्या उशाशी बसून जेवायचा. घराने सुटकेचा श्वास टाकला.

पण थोड्या दिवसांनी शालनबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. "मला सोप्यावर न्या."

"आत्या, तिकडं दुखतंय तुम्हाला."

"ठाऊक हाय." त्या छताकडे बघत राहिल्या. धुराने काळं झालेलं ते छत त्यांना पाठ होतं. "सासू होती तवर सोप्यावर बसले न्हाई. ती गेली, तर ह्यांची माणसं बसाय लागली. म्हटलं, असू दे, म्हातारपणी बसीन. रस्ता बघीन. कोण आलं, कोण गेलं. आता म्हातारपण काय माझ्या वाट्याला येत न्हाई. मरतानाबी चुलीपुढंच मरू काय गं?"

ऋतुजाला रडू कोसळलं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा याच बाईने तिच्या हातातला झारा काढून घेतला होता. "चूल माझ्याकडं. तू तुझं दुकान काढ," असं म्हणाली होती. ऋतुजाचं दुकान उभं राहिलं ते शालनबाई चुलीपुढे बसून राहिल्या म्हणून. आणि त्याच दुकानातला कप्पा त्यांच्यासाठी उघडत नव्हता.

"जाऊ दे," असं म्हणून विसरणाऱ्यातल्या शालनबाई नव्हत्या. रोज तेच. शेवटी एके दिवशी खाट सोप्यावर नेली. त्यांनी रस्ता पाहिला, दूध घालायला निघालेल्या बायका पाहिल्या, आणि पदराचा बोळा दातात धरून जेवढं सोसवलं तेवढं सोसलं. पुंडलिकांनी गोळ्यांच्या चकचकीत कागदाने पट्टी झाकून पाहिली, म्हणजे ती उपग्रहाशी बोलणार नाही. पण आपण कुठे आहोत हे कळलं नाही तरी ती झोपायचीच. तिला तसंच शिकवलेलं. शालनबाईंच्या तोंडून आवाज फुटला तसं दोघांनी त्यांना चादरीत घालून परत आत उचललं.

पुंडलिक उंबरठ्याच्या अलीकडेच अडखळले, म्हणून क्षणभर थांबावं लागलं. डोक्याकडची बाजू ऋतुजाकडे होती. आत्याचे खांदे स्वयंपाकघरात आले होते, पाय अजून सोप्यावर होते. आणि ठिपका हिरवा झाला.

ऋतुजा चादर धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं? उचल की!" पुंडलिक म्हणाले.

"मामा, आत्या कुठं आहेत याच्याशी या पट्टीला काही देणंघेणं नाही. ही स्वतः कुठं आहे, तेवढंच बघते."

आत्याला निजवल्यावर तिने डॉक्टर हिरेमठना फोन लावला. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. "कुठून बोलताय? स्वयंपाकघरातूनच ना?"

"हो, ओट्याजवळच उभी आहे."

"मग बोला. सोप्यावरून विचारलंत तर मला सल्लासुद्धा देता येत नाही."

"पट्टी पायाला लावली तर चालेल?"

"पोटरीवर लावा. औषध चढायला उशीर होईल, पण चढेल," डॉक्टर म्हणाल्या. "का लावताय, हे मी विचारत नाही हं."

ऋतुजाने जुनी पट्टी काढून नवी पोटरीवर लावली आणि सासऱ्यांना खाट कशी ठेवायची ते सांगितलं. मधल्या दारात. डोकं, खांदे सोप्यावर. गुडघ्याखालचे पाय उंबरठ्यापलीकडे. डाव्या कुशीवर वळलं की समोर दार आणि रस्ता.

पुंडलिकांनी ऐकलं. स्वयंपाकघराकडे बघितलं, मग सुनेकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, ती दक्षिण हाय."

ऋतुजाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"दक्षिणेला पाय मढ्याचं करत्यात," पुंडलिक म्हणाले. "जित्या बाईला मी माझ्या हातानं तसं निजवू? लोक काय म्हणतील? ते जाऊ दे, मला कसं बघवंल?"

"अवं," आतून शालनबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आयुष्यभर सगळ्यांच्या मर्जीनं पाय ठेवलं. आता मला पायजे तिकडं ठेवू द्या."

"शालन, असं वंगाळ बोलू नगंस."

"जायचंच हाय तिकडं. आधी पाय गेलं, एवढंच. घाला खाट."

पुंडलिकांनी खाट घातली. मग परसात गेले आणि लाकडं फोडायची काही गरज नसताना कितीतरी वेळ लाकडं फोडत बसले.

औषध खरंच हळू चढलं. पण चढलं. शालनबाईंनी डाव्या कुशीवर वळून रस्त्याकडे तोंड केलं आणि त्या मरेपर्यंत तशाच राहिल्या. शाळेची गाडी कधी येते, कुणाची म्हैस कुणाच्या वाफ्यात शिरते, कुणाची सून माहेराहून परतली, सगळं त्यांना कळू लागलं आणि त्या ते घरच्यांना ऐकवू लागल्या. वाटेने जाणाऱ्या बायका हाक मारायच्या, "शालनवैनी, बऱ्या हाय काय?"

"बरी हाय की! या चहाला. परराज्यातला हाय!"

पुंडलिकांचाच विनोद. तो आपल्या बायकोच्या तोंडून ऐकून ते हसायचे आणि हसता हसता तोंड फिरवायचे. सकाळी जाग आली की त्यांची नजर आधी त्या दक्षिणेकडच्या पायांवर जायची. मग ते पोटरीवरचा हिरवा ठिपका बघायचे. मग कुठे उठायचे.

एका सकाळी ठिपका हिरवाच होता. शालनबाई मात्र नव्हत्या. डोळे दाराकडे, अर्धवट उघडे.

आळीतल्या बायका जमल्या. शेजारची भागाक्का देहाची दिशा फिरवायला पुढे झाली आणि तिचा हात तसाच थांबला. "हिला फिरवायचं काय न्हाईच की," ती म्हणाली. ते ऐकून पुंडलिकांनी मोठ्याने हंबरडा फोडला. तोवर ते रडले नव्हते.

दिवस झाल्यावर ग्रामसेवक नोंद करायला घरी आला. चांगला मुलगा होता, चपला बाहेर काढून खाली बसला. "मामा, मृत्यू कुठल्या राज्यात झाला?"

"डोस्कं इकडं, पाय तिकडं."

"एकच लिहावं लागतं. दोन घेत नाही हा फॉर्म."

"सोप्यावर गेली. तेवढं लिवा."

"राज्य लागतंच, मामा."

"मग तुमचं तुमी ठरवा," पुंडलिक म्हणाले. "तिनं तिचं ठरवलंतं."

ऋतुजाने दुकान पुन्हा उघडलं. पहिल्याच आठवड्यात शिवेच्या अलीकडच्या मधल्या वाडीचा बसाप्पा नाईक आला. भर दुपारी चालत आलेला, शर्ट घामाने भिजलेला. त्याने खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. बेळगावची, डॉक्टर हिरेमठांचीच. आईसाठी.

पुढे काय होणार हे माहीत असूनही ऋतुजाने ती यंत्रापुढे धरली. लाल अक्षरं आली.

बसाप्पाला ती अक्षरं नवी नव्हती. तो गेलाही नाही. काउंटरची कड धरून उभा राहिला.

ऋतुजाला घरातली खाट आठवली. अजून मधल्या दारातच होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मामा ती हलवू देत नव्हते. सासूसाठी केलं ते घरातलं झालं. दुसऱ्या कुणासाठी केलं तर कायदा चुकवला म्हणून तिचा परवाना जाईल, दुकान जाईल, शालनबाईंनी चुलीपुढे बसून उभं करून दिलेलं दुकान. आणि एकासाठी केलं तर पुढच्याला नाही कसं म्हणायचं? खाट एक, उंबरठा एक, आणि शीव सगळ्या तालुक्याला लागून.

"ताई," बसाप्पा खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरातली ती जागा आता मोकळी हाय म्हणं. आईला आणू काय?"