पाणगवतातली अंडी

"प्रभ्या, दिगंबर! लवकर या!" कुसुम टाकीपाशी ओरडली.

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या त्यांच्या घरात, गारव्यासाठी तीन बाजूंनी ओलं गोणपाट लावलेल्या काचेच्या टाकीत बाबांचे दोन न्यूट होते. दार्जिलिंगहून आणलेले. दिसायला सरड्यासारखे, पण बेडकांचे भाऊबंद! राज्यांची पुनर्रचना झाली आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाबांची, एकनाथरावांची, बदली औरंगाबादला झाली. तिकडे घर बघायला जाताना त्यांनी टाकी मुलांवर सोपवली होती.

मादी पाणगवताला बिलगली होती. ती सरकली, तर पानाला काचेच्या मण्यासारखं काहीतरी चिकटलेलं!

"अंडं!" तिचा भाऊ प्रभाकर किंचाळला.

संध्याकाळी मणी गायब!

"मांजरीचं काम," प्रभाकर म्हणाला.

"झाकण लावलेलं होतं की रे!" आतेभाऊ दिगंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं टाकीसमोर ठाण मांडून बसले. मादीनं पुन्हा अंडं चिकटवलं. नर आला आणि त्यानं ते मटकावलं!

"बापच चोर!" मुलगे खदखदून हसले.

कुसुमचा चेहरा मात्र उतरला. "टाकी धुताना गवताचा मोठा झुपका मी शेजारच्या हिम्मतकाकांना दिला. माशांसाठी मागत होते. त्यात अंडी असतील तर? मी नीट बघितलंसुद्धा नाही रे!"

तिघं शेजारी धावले.

"अरे बेटा, गवतच तर आहे!" हिम्मतरावांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "नक्को काढू."

"हौ काका, राहू द्या," दिगंबर साळसूदपणे म्हणाला. "फक्त त्यातून चार पायांची पिल्लं निघतील. मोठी होऊन ती काय काय खातील, कोण जाणे!"

"माझे मासे! काढा ते आत्ताच्या आत्ता!"

माशांनी बहुतेक अंडी फस्त केली होती. आतल्या पानांवरची थोडी उरली होती. कुसुमनं ती गार मातीच्या भांड्यात वेगळी ठेवली. रोज पाणी बदलताना तिच्या डोळ्यांपुढे माशांनी रिकामी केलेली पानंच येत. अखेर पिल्लं निघाली. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले!

बाबा परतले तेव्हा कुसुमनं रडत सगळं सांगितलं.

"चूक माझीही आहे," बाबा म्हणाले. "अंडी दिसली की वेगळी ठेवायची, हे मी सांगायलाच विसरलो. तुम्ही ते स्वतः शोधून काढलंत. शाबास!"

हिम्मतकाकाही ओशाळून म्हणाले, "पोरं हुशार आहेत हो!"

कुसुमला हसू आलं नाही. "पण बाबा, बाकीची गेली ती गेलीच ना?"

"गेली," बाबा हळूच म्हणाले. "ही उरलेली पिल्लं औरंगाबादला कोण सांभाळून नेणार?"

गाडी काचीगुड्याहून सुटली. प्रभाकर खिडकीतून फलाटावरच्या दिगंबरला हात करत होता. कुसुमनं मांडीवरच्या पिल्लांच्या भांड्यावरून एकही हात काढला नाही.