केसांतले हात

मणिकोंड्यातल्या एका टॉवरमधून काम आलं ते भर दुपारी. अकरावा मजला, डोक्याला तेल लावून द्यायचं. मोबाइलवर येतील तशी पार्लरची कामं मी घरोघर जाऊन करते. त्या आठवड्यात लेकीच्या तापापायी दोन कामं नाकारली होती. तिसरं नाकारलं असतं तर कंपनीकडचं माझं खातं बंद, म्हणजे कामंच बंद. नवरा शिडीवरून पडल्यापासून घरीच. चूल पेटायची ती माझ्या जिवावर. गेले.

"दार उघडंच आहे, ये गं पोरी," आतून म्हातारीचा आवाज आला.

पडदे ओढलेले. म्हातारी खुर्चीत पाठमोरी बसलेली, पांढरे केस पार फरशीपर्यंत मोकळे सोडलेले. खोलीत खवट तेलाचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी... पेटीत उंदीर मरून राहावा तसा.

"तेल कोमट करू का, आजी?"

"नको. लावलेलंच आहे. तू नुसतं चोळ."

केसांत बोटं घातली. केस गार, ओलसर. चोळता चोळता माझ्या बोटांना बोटं लागली.

म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर होते. मला दिसत होते.

ती बोटं थंड होती, तेलात भिजून सुरकुतलेली, आणि माझ्याच लयीत हळूहळू चोळत होती.

"आजी... इथं कुणी..."

"ती होय? कधीची जा म्हणतेय, जातच नाही. खातं बंद होईल म्हणते."

त्या बोटांनी माझी बोटं घट्ट धरली. आत ओढली.

हात हिसडून मी पळाले. पिशवी, चपला सगळं तिथंच. अकरा मजले जिन्यानं उतरले आणि फाटकाशी, उन्हात उभी राहिले. मोबाइल तेवढा कमरेला खोचलेला होता, त्यावरून कंपनीच्या ऑफिसला फोन लावला.

"मी स्वरूपा. काम अर्धवट टाकलंय. करा माझं खातं बंद. लोकांची भांडी घासीन, पण परत वर जाणार नाही."

"थट्टा करताय का, अक्का?" तिथला पोरगा हसला. "अर्धवट कसलं? तुम्ही दुसऱ्या लायनीवर आहात की. आजी सोडत नाहीत, थांबते अजून, म्हणालात."

"मी फाटकाशी उभी आहे रे..."

त्यानं दुसरी लायन कानाला लावून पाहिली. मग अगदी हळू म्हणाला, "अक्का, ती लायन अजून चालू आहे."

त्यानं तो फोन ह्या फोनजवळ धरला असावा. आधी नुसतं केस चोळल्याचं चपचप ऐकू आलं. मग, दमलेल्या आवाजात, मीच म्हणत होते, "झालं हं आजी... झालंच."