व्हॉल्व्हपाशी पाच मिनिटं

चिंतामणीचं दुकान उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, एका पापडवाल्याच्या आणि एका झिपवाल्याच्या मध्ये चेपून बसलेलं. गाड्यांची वायरिंग करणं हा त्याचा धंदा, आणि "गाडीत भूत नसतं, लूज कनेक्शन असतं" हा त्याचा धर्म. एकवीस वर्षांत दोघांपैकी कुणीच त्याला दगा दिला नव्हता.

१९९४च्या फेब्रुवारीत हिंदुराव आपली जुनी व्हॅन घेऊन चौथ्यांदा आला. बदलापूरचे कामगार तो तिन्ही शिफ्टला अंबरनाथ एमआयडीसीत पोचवायचा.

"मिस्तरी, परत तेच. पाण्याच्या पाइपलाइनच्या व्हॉल्व्हपाशी मीटरचे लाइट मंद होतात, मग गाडीच बंद. हॉर्नसुद्धा वाजत नाही. पाच मिनिटांनी आपोआप चालू. कंपनीचा मॅनेजर बोललाय, आता एकदा जरी उशीर झाला तर दुसरी गाडी लावणार. माझं घर हिच्यावर चालतं हो."

फ्यूज बदलून झाले होते, अर्थची तार घासून झाली होती, इग्निशन स्विचही नवा घातला होता. चिंतामणीने फॉल्टच्या तारखा-वेळा मागितल्या. एक आठवडा सकाळी साडेसहाला, पुढचा दुपारी अडीचला, त्यापुढचा रात्री साडेदहाला. रविवारी कधीच नाही.

"म्हणजे कामगारांच्या एकाच बॅचबरोबर फिरतोय," चिंतामणी म्हणाला. "फॉल्ट युनियनचा मेंबर आहे की काय?"

हिंदुराव हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंतामणी स्वतःच व्हॅनमध्ये बसला. डॅशबोर्डच्या तारेला जोडलेला टेस्ट लॅम्प हातात. मागे समोरासमोरच्या सीटांवर सात जण दाटीवाटीने, तरी दरवाजाजवळची जागा रिकामी. दरवाजाच्या स्विचचा संशय होता, म्हणून तो तिथेच टेकला. समोर बसलेल्या आनंदा नावाच्या कामगाराने आपला डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

व्हॅनची एक रीत होती. शेवटचा माणूस चढला की त्याने दरवाजा ओढायचा आणि पत्र्यावर दोन थापा मारायच्या. हिंदुराव मागे न बघता गाडी काढायचा. तेवढाच वेळ वाचतो.

व्हॉल्व्ह आला. लॅम्प पिवळा झाला, लाल झाला, विझला. इंजिन थांबलं.

बॅटरी महिन्याभराची, जोडण्या कालच घट्ट केलेल्या. चिंतामणी वाट बघत बसला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आज काहीच चालू होईना. हिंदुरावने कपाळ पुसलं. तीनचा भोंगा व्हायला वीस मिनिटं होती.

"इथे कोण चढतं?" चिंतामणीने विचारलं.

"चढायचा," आनंदा म्हणाला. "नवसू. वरच्या वाडीतला. डोंगर उतरायला त्याला वेळ लागायचा. दिवाळीच्या आधी एकदा मीच गंमत म्हणून थापा मारल्या. म्हटलं, पळू दे जरा बेट्याला."

"मला वाटलं चढला," हिंदुराव समोर बघतच म्हणाला. "दोन थापा ऐकल्या ना मी."

"तो पळाला. मागनं टँकर होता," आनंदा म्हणाला.

"त्यानंतर इथे दरवाजा उघडलात कधी?" चिंतामणीच्या डोक्यात अजून स्विचच होता.

कुणी उघडला नव्हता.

त्यानेच उघडला. बाहेर पायवाट, सुकलेलं गवत, ऊन. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत होतं. ते थांबलं.

"मिस्तरी," आनंदा हळूच म्हणाला, "जरा सरका."

चिंतामणी सरकला.

शेजारचं रेक्झिन करकरलं. सीट खाली बसली.

चिंतामणीने दरवाजा ओढला. थापा मारायला हात उचलला, पण तो पत्र्यापर्यंत पोचलाच नाही.

दोन थापा पडल्या.

लॅम्प पांढराफेक पेटला.

भोंग्याआधी तीन मिनिटं व्हॅन गेटवर होती. मॅनेजरने घड्याळ बघून मान डोलावली. सातही जण उतरले. आनंदा मात्र पुढे गेला नाही. म्हाताऱ्या माणसासाठी धरतात तसा दरवाजा धरून खाली उभा राहिला.

"लूज कनेक्शनच होतं," चिंतामणी आतूनच हिंदुरावला म्हणाला. "रोज तिथे जरा दरवाजा उघडत जा."

तो बोलत असतानाच त्याच्या शेजारची सीट सावकाश वर आली.