अकराव्या मिनिटाचा उंचवटा

मोबाइल खाली ठेवा, मगच सांगतो. आणि मध्येमध्ये ‘खरंच का काका’ असं विचारायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला रचून सांगता येत नाही.

माझा साडू प्रयोगशाळेत तपासनीस होता. तिथंच मी बाटल्या धुवायचो. त्यानंच मला चिकटवलं होतं, आणि हे तो दर लग्नात चारचौघांत ऐकवायचा. असो.

गेल्या जानेवारीची सतरा तारीख, शुक्रवार. कारखान्याची टाकी साफ करायला उतरलेला एक कामगार मेला होता. त्याचं रक्त आमच्याकडं आलं. रक्तात विष निघालं तर टाकी बंद. नाही निघालं तर सकाळी सातला पुढचे कामगार आत.

ते यंत्र सुईनं नमुना ओढतं आणि कागदावर रेघ काढतं. नमुन्यात जे जे असेल त्याचा एकेक उंचवटा, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या मिनिटाला. उंचवटा केवढा, त्यावरून माल किती ते कळतं. त्या रक्ताला अकराव्या मिनिटाला एक बारीक उंचवटा आला. यंत्राच्या यादीत त्याला नावच नव्हतं.

साडू म्हणाला, “मागच्या नमुन्याची घाण राहिली असेल.”

घाण आहे की नाही हे बघायला आधी रक्ताशिवाय नुसता द्रव चालवायचा असतो. हे मला बाटल्या धुणाऱ्यालाही माहीत.

“नुसता द्रव चालवलात का?” मी विचारलं.

“साडूभाऊ, तुम्ही बाटल्या धुवा.”

‘काही आढळलं नाही’ असं लिहून त्यानं अहवाल पाठवून दिला. मी घरी गेलो. पुढचं त्यानंच मला सांगितलेलं.

रात्री अकरा चाळीसला, कागद पुरे करायचे म्हणून, त्यानं नुसता द्रव चालवला. रेघ सपाट आली. अकराव्या मिनिटालाही सपाट.

म्हणजे यंत्र स्वच्छ होतं. जे होतं ते रक्तात होतं.

फोन हाताशी होता. पण चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं. सकाळी बघू, म्हणाला. बारा वाजून पाच मिनिटांनी यंत्र बंद केलं, पाठ फिरवली.

सुई हलली.

बंद यंत्राची सुई. खाली बाटली नाही, काही नाही. हवेतच बुडाली... रेघ सुरू झाली. सपाट. सपाट. साडूचा पाय उचलेना. अकरावं मिनिट...

रेघ वर चढली. चढतच राहिली. कागदाच्या कडेला टेकली.

मागून कोणीतरी विचारलं, “किती?”

...

“साहेब... किती होतं?”

साडू मागं न बघता दाराबाहेर. कुलूप घातलं आणि पळाला. फोन त्यानं तेव्हाही केला नाही. हे मी त्याला तोंडावर सुनावलंय.

सातला टाकी उघडली. दोघं उतरले. वर आले ते चादरीत.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. यंत्र चालवणाऱ्यानं शेजारच्या वहीत सही करायची असते. त्या सकाळी सहाला कुलूप मी काढलं. साडूच्या सहीखाली अंगठे उठले होते. काळे, तेलकट. अजून ओले. मी मोजले.

तीन.

सहा वाजता, बरं का. तेव्हा मेलेला एकच होता.