दादा, हे राहिलं

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती केव्हाच विसरलो असतो.

आणि ती रात्रीची नाही. रविवार होता. दुपारचे तीन वाजले होते. ऊन असं की परसातला नळ हाताला चटका देत होता.

घडलं ते माझ्या थोरल्या भाच्याच्या बाबतीत. पंपांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर आहे, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणतात. राग त्याच्या नाकावर असतो असं लोक बोलतात. मी म्हणतो, नाकावर कसला? तो सगळ्या घरभर असतो.

त्यातून ते वर्ष फारच वाईट गेलेलं. त्याचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडून गेला होता. ब्रेक दाबला आणि मागचं चाक जागीच जखडलं. उतार होता. पुढे सांगायला नको.

लोक विचारायचे, असं कसं झालं? फिटरचं उत्तर ठरलेलं होतं.

"चाक त्यानेच बसवलं होतं. कामात ढिसाळ. स्वतःच्या हाताने मेला."

माझी बहीण, म्हणजे त्या दोघांची आई, हे ऐकून ऐकून दगड झाली. धाकट्याचा फोटोसुद्धा तिने भिंतीवर लावू दिला नाही. म्हणायची, "ज्याला जिवाची पर्वा नव्हती, त्याचं तोंड मी कशाला रोज बघू?"

धाकट्याच्या बायकोला घरात धाकटीच म्हणतात. ती एकटी वर्षभर सांगत राहिली, "ते असं काम करणार नाहीत. ते शर्टाचं बटणसुद्धा दोनदा बघायचे."

तिचं कोण ऐकणार? नवऱ्याची बाजू घेते म्हणून सोडून द्यायचे.

तर, त्या रविवारी मोटारसायकलचं मागचं चाक हवा जाऊन बसलं. तीच गाडी. गॅरेजवाल्याने सरळ करून दिलेली. सोमवारपासून धाकटीला एका बेकरीत पहाटेची पाळी लागली होती, आणि त्या वेळी दुसरं वाहन मिळत नव्हतं.

"पंक्चर आहे भाऊजी. तेवढं काढून द्या. उद्या मला निघायचंय."

"त्या गाडीला हात लावू नकोस म्हटलं होतं ना तुला?"

"मग काय उडत जाऊ? तुम्हाला जमत नसेल तर मी ढकलत नेते दुकानात."

जमत नसेल... हे फिटरला म्हणायचं नसतं. तो तणतणत उठला. गाडी पत्र्याच्या शेडखाली मधल्या स्टँडवर लावली. हत्यारांची पेटी मागे सरकवली, शेजारी स्टीलचं जुनं ताट ठेवलं आणि चाकासमोर फतकल मारली. धाकटी स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना दार जरा जास्तच जोरात लागलं.

त्या ताटाचं इथेच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे मेहुणेही फिटरच. दोन्ही पोरांना त्यांनी एक रीत लावून दिली होती. चाक खोलणाऱ्याने कामावरची नजर हलवायची नाही. हात मागे करायचा आणि पान्याचा नुसता नंबर सांगायचा. मागे बसलेल्याने तो तळहातावर ठेवायचा. खोललेला प्रत्येक तुकडा ताटात, ओळीने. काम संपलं की मागच्याने ताट बघायचं. काही उरलं नसेल तर म्हणायचं, "ताट रिकामं." उरलं असेल तर म्हणायचं, "हे राहिलं."

थोरला खोलणार, धाकटा देणार. लहानपणापासून असंच चाललेलं.

फिटरने ब्रेकच्या सळईचा नट सोडला. तोंडाचा पट्टा चालूच. गाडीला शिव्या, गॅरेजवाल्याला शिव्या, धाकटीला शिव्या. सगळ्यात जास्त मेलेल्या भावाला.

"मरायची घाई. निस्तरायला आम्ही."

मागच्या ब्रेकला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते. त्या पट्टीच्या नटाला आडवी एक कॉटर पिन असते. बायकांच्या केसांतल्या पिनेसारखी, दोन पायांची, करंगळीपेक्षा लहान. बोल्टच्या भोकातून घालायची आणि पाय वाकवायचे, म्हणजे नट कधी फिरत नाही. ती नसेल तर नट हळूहळू ढिला होतो. नट पडला की पट्टी सुटते. मग ब्रेक दाबला की...

गॅरेजवाल्याने घातलेली पिन त्याने पक्कडीने ओढली. एक पाय तुटला. दिली भिरकावून.

नजर नटावरच होती. हात मागे गेला.

"चौदा."

पाना तळहातावर आला.

त्याने नट काढला.

"चोवीस."

आला.

मोठा नट सुटला. ठोकून ठोकून ॲक्सल बाहेर काढला.

"हातोडी घे ही. पट्ट्या दे टायरच्या. दोन्ही."

हातोडी कोणीतरी घेतली. दोन्ही पट्ट्या आल्या.

कुंपणाच्या पलीकडे टेलर राहतात, मशीन भिंतीलगतच. ते तिकडून म्हणाले, "फिटर, पंक्चर काढतोयस की गाडीची शाळा घेतोयस?"

"तुम्ही काज करा हो आपले."

"बरं बाबा. पण मदतीला माणूस असा न बोलता हत्यारं देतोय, त्याला तरी नीट बोल."

फिटरचे हात थांबले.

मान वळवायला त्याला फार वेळ लागला...

मागे कोणी नव्हतं.

पेटी होती. तीन हात लांब. नुसता हात मागे करून ती त्याला कधीच लागली नसती.

हातोडी पेटीत जाऊन पडली होती, आणि ताटातले तुकडे ओळीने लागलेले. ॲक्सल, बुश, वायसर, नट. आपण ते असे लावलेत का, हे त्याला आठवेना.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. फिटरला राग आला. घाबरला की त्याला रागच येतो. "ऊन लागलंय," असं मोठ्याने म्हणाला आणि पट्ट्या घालून टायर उचकटला. ट्यूब ओढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात दाबली.

एक बुडबुडा नाही.

इंच इंच फिरवली. व्हॉल्व्हपाशी बघितलं. टायरच्या आत बोटं फिरवली, खिळा नाही की काच नाही.

ट्यूब टणक. हवा जागेवर.

पंक्चर नव्हतंच.

मग चाक बसलं कशाने? आणि ते खोलायला त्याला इथे आणून बसवलं कोणी?

हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ते ढकलून दिलं. ट्यूब कोंबली, टायर चढवला. चाक उचलून जागेवर धरलं, चेन दात्यांवर टाकली, ॲक्सल सारला. आता तो हात मागे करत नव्हता. प्रत्येक पान्याला स्वतः उठत होता. प्रत्येक वेळी आणखी चिडत होता.

पट्टीचा नट आवळून झाला. पिन उरली.

पेटीत पिन नव्हती. सगळ्या डब्या उपड्या केल्या. एकही नाही.

"राहू दे. एक दिवस काही होत नाही," तो म्हणाला. "उद्या आणून घालू."

आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर त्याने हातातली डबी खाली ठेवली.

हेच वाक्य तो एकदा बोलला होता. ह्याच शेडखाली, ह्याच चाकासमोर, एक वर्षापूर्वी.

जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, ते असं. त्या दिवशी चाक धाकटा बसवत होता. दोघांचं कशावरून तरी बिनसलं. कशावरून, ते आज फिटरला आठवतही नाही. त्याने धाकट्याच्या हातातला पाना हिसकावला. "सरक. तुला काही जमत नाही." आणि रागारागाने चाक स्वतः बसवलं. धाकटा मागे बसून हत्यारं देत राहिला. शेवटी त्याने हात पुढे केला.

"दादा, हे..."

"तोंड बंद ठेव. उशीर होतोय ना तुला? राहू दे. एक दिवस काही होत नाही. नीघ."

संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या आवारात त्याने गाडी बघितली. लोंबणारी पट्टी बघितली. फिटरच तो, क्षणात कळलं. शेजारी उभ्या माणसाने विचारलं, चाक कोणी बसवलं होतं हो? आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "त्यानेच."

एकदा निघालं ते निघालं. मग वर्षभर तो ते आणखी जोराने ओरडत राहिला.

शेडमध्ये आता आवाज नव्हता. टेलरचं मशीनसुद्धा थांबलं होतं.

गुडघ्यावर ठेवलेला त्याचा उजवा हात... आपण होऊन मागे गेला. तो शपथेवर सांगतो, त्याने नेला नाही. नंबर सांगितला नाही. तोंडही उघडलं नाही.

तळहातावर काहीतरी ठेवलं गेलं.

हलकं. थंड. त्या उन्हातही थंड.

आणि कानाशी, अगदी रोजच्या आवाजात...

"दादा, हे राहिलं."

हात पुढे आणला. कॉटर पिन होती. थोडा गंज चढलेली. दोन्ही पाय सरळ, कधीच न वाकवलेले.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. धाकटी चहा घेऊन आली होती. तिची नजर त्याच्या तळहातावर गेली, आणि तिने कप खाली ठेवला.

"ही तुमच्याकडे कशी?"

"काय?"

"ही माझी आहे. त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. दवाखान्यातून कपडे दिले तेव्हा सापडली. मी डबीत ठेवलीय. कपाटाला कुलूप आहे."

ती धावत आत गेली. कुलूप निघाल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उघडी डबी होती. रिकामी.

"वर्षभर मी विचार करतेय, ही कशाची पिन आहे. तुम्ही सांगा भाऊजी. कशाची आहे ही?"

फिटरने सांगितलं. खाली बघून, चाकाकडे तोंड करून, पण सगळं सांगितलं.

ती रडली नाही. त्याला वाटलं होतं ती रडेल, मग आपणही रडू आणि मिटेल. तिच्या आवाजात त्या दिवशी जे होतं, ते आपल्या आयुष्यभराच्या रागात नव्हतं, असं तो म्हणतो.

"काढा ते चाक."

"बसवून झालंय. आता पिन घालतो..."

"काढा. सगळं परत. माझ्यासमोर बसवा."

ती त्याच्या मागे पेटीजवळ बसली. त्याने नंबर सांगायचा, तिने द्यायचं. पाने तिला चांगले ओळखता येत होते. नवऱ्याने शिकवले होते. शेवटी त्याने ती पिन भोकातून घातली, पक्कडीने पाय वाकवले, आणि थांबला.

तिने ताटाकडे बघितलं. ताटात काही नव्हतं. पण ती बोलली वेगळंच.

"आईंना तुम्ही सांगायचं. मी सांगून दमले. त्यांचा विश्वास बसेल तर तुमच्यावरच."

"सांगतो."

"केव्हा?"

"पुढच्या रविवारी. आज नको."

सोमवारी पहाटे ती त्याच गाडीवर कामाला गेली. आजही जाते. गाडी कुरकुरसुद्धा करत नाही.

ह्याला आता आठ महिने झाले. आठ महिन्यांत रविवार किती येतात ते तुम्हीच मोजा. फिटरने आईला सांगितलेलं नाही. म्हणतो, तिचं वय झालंय, कशाला? भिंतीवर अजून फोटो नाही. माझी बहीण अजून त्या मेलेल्या पोरावर चिडून जेवायला बसते.

आणि फिटर कोणाचंही चाक खोलू दे, काम संपलं की ताटात एक पिन उरते. चाकात पिन घातलेली असते, तरी एक उरते. सरळ पायांची. तो ती खिडकीबाहेर फेकतो, गटारात टाकतो. पुढच्या वेळी ती ताटात असते.

हे सगळं त्याने मला महिन्यापूर्वी सांगितलं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. मामा म्हणून जेवढं बोलता येतं त्याहून जास्त बोललो. तो म्हणाला, "मामा, मग तूच सांग तिला. तुझी बहीण आहे."

मी म्हणालो, सांगतो.

मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. माझ्या घरात साधी सायकलसुद्धा नाही.

काल सकाळी शर्ट चढवला, धुतलेला, घडीचा. छातीवर काहीतरी टोचलं. खिशात बोटं घातली...

ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. पाय सरळ आहेत.

उद्या रविवार आहे.