स्पॅनिशचं ठरेपर्यंत

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत आम्ही दोघंच. मी, आणि कोपऱ्यात टेकून उभा असलेला एक उंच मुलगा. त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशावर एका लिफ्ट कंपनीचं नाव शिवलेलं होतं.

मी त्या नावाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"असं बघू नका हो," तो म्हणाला. "आतून काही करता येत नाही. सगळी यंत्रं वर, गच्चीवर असतात. आणि ही लिफ्ट आमच्या कंपनीची नाहीच."

"मग कुणाच्या कंपनीची?"

"ज्यांच्या बंद पडतात, त्यांच्या."

मी धोक्याची घंटा दाबली. वरून रखवालदार ओरडला, "थांबा, लिफ्टवाल्याला फोन केलाय!"

"लिफ्टवाला आत आहे!" हा खालून ओरडला. "आता दुसरा बोलवा!"

मला हसू आलं. ते लपवायला मी पिशवीत काहीतरी शोधू लागले. त्याने ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं... ते मला तेव्हाच आवडलं असावं.

"उशीर होतोय का तुम्हाला?"

"हो. स्पॅनिशच्या बाईंना एवढंच सांगायचंय, की मी पुढची पातळी घेत नाहीये."

"अरे वा! आणि मी घ्यायला चाललोय. म्हणजे एक गेली, एक आला. बाईंचं नुकसान नाही."

ही संध्याकाळची शाळा. दिवसा नोकरी करणारी, शाळा मधेच सुटलेली माणसं इथे एकेक विषय घेऊन परीक्षा देतात. स्पॅनिशची पहिली पातळी मी मागच्या वर्षी पूर्ण केली होती. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आले. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांनी विचारलं, 'तुम्ही काय काम करता?' आणि सगळे शब्द दाराशी येऊन उभे राहिले, एकही बाहेर पडेना. कानाला गोड, जिभेला जड — असं माझं आणि स्पॅनिशचं होतं. प्रगत पातळी म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि त्यात निम्मे गुण बोलण्याचे.

शिवाय आत्या होती. मी आत्याच्या दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यांवरून आम्ही दात आणि कवळ्या बनवतो. आत्याची नजर आताशा भिंगाशिवाय चालत नाही. पोर्सिलेनच्या दातांचं नाजूक काम, भट्टीसकट, तिला दुसऱ्याच्या हाती द्यायचं होतं. त्याच्या प्रशिक्षणाला ती एकालाच पाठवणार होती. वर्ग सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. स्पॅनिशही सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी.

"स्पॅनिश शिकून करणार काय आहेस?" आत्याने विचारलं होतं. "कवळीला सांगणार आहेस, नीट बस म्हणून?"

म्हणून तर मी नकार द्यायला निघाले होते.

हे सगळं मी लिफ्टमध्ये त्या अनोळखी मुलाला सांगितलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

"दात बनवता?" तो म्हणाला. "म्हणजे तुमचं सगळं आयुष्य दंतकथाच की!"

"हा विनोद आम्हाला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं."

"बरं, मग या महिन्याचा झाला."

दार उघडलं, तेव्हा वर्ग सुरू झाला होता. मी बाईंना माझा निर्णय सांगितला. बाईंनी खडू खाली ठेवला नाही, नुसतं म्हणाल्या, "तीन आठवडे बसून बघ. नावं नंतरच नक्की करायची असतात. नाही म्हणायला तेव्हाही तोंड असेलच की तुला."

रिकामी खुर्ची एकच होती. लिफ्टवाल्याच्या शेजारची.

*

वर्गाचा नियम असा, की उंबरठ्याच्या आत स्पॅनिशच बोलायचं. लिफ्टवाल्याला ती भाषा येत नव्हती असं नाही, पण तो ती लिफ्टसारखी वापरायचा — कळ दाबायची आणि कुठल्या तरी मजल्यावर पोचायचं. त्याने बाईंना सांगितलं, की त्याची आई खूप उंच आहे आणि तिला रोज तेल द्यावं लागतं. मी वहीत लिहून दाखवलं, की 'मामा' म्हणजे आई, तुला 'माकिना', मशीन म्हणायचंय. तो बाईंकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मशीन! आईला तेल नको!" सगळा वर्ग हसला. तो सगळ्यांत जास्त हसला.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या यंत्रातली पाणचट कॉफी घ्यायचो. तिथे आपली भाषा चालायची. दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पण बोलून झाल्यावर वाटते. तुला आधी वाटते, तिथेच घोटाळा आहे."

"मी चुकीचं बोलणार नाही."

"तू काहीच बोलत नाहीस. तुझं मौन मात्र एकदम शुद्ध आहे हं. एक चूक सापडायची नाही त्यात."

मी त्याच्या दंडावर वही मारली. हळूच.

पण खरं सांगायचं, तर त्याच्या शेजारी बसून मी बोलायला लागले होते. एक वाक्य, मग दोन. तो इतका चुकायचा, की माझ्या चुकांकडे कुणाचं लक्षच जात नव्हतं. लॅबमध्ये मेणाचा दात कोरताना मी नवे शब्द पुटपुटायचे. सोमवारी नि गुरुवारी नखांतलं प्लास्टर ब्रशने घासून काढायचे. केस दोनदा विंचरायचे.

आत्या भिंगातून बघत होती. माझ्याकडे नव्हे, कवळीकडे. निदान मला तरी तसं वाटलं.

"काय गं," ती म्हणाली, "या स्पॅनिशला मिशा आहेत का?"

शेजारी साचे ओतणारे भाऊ फिस्सकन हसले. हे भाऊ म्हणजे लॅबमधले जुने कारागीर, आत्याकडे माझ्याही आधीपासून. मी गेले नाही, तर प्रशिक्षणाला तेच जाणार होते.

"नाहीत," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं, लिफ्टवाला मिशा ठेवत नव्हता.

पण तिचं बोलणं मनाला कुसळासारखं टोचून बसलं. दोन वर्षं द्यायची, हातात आलेली भट्टी सोडायची — आणि ते कशासाठी? भाषेसाठी, की हसताना मान मागे टाकणाऱ्या एका मुलासाठी? उद्या त्याने वर्ग सोडला, तर माझ्याकडे काय उरणार होतं?

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी, कॉफीच्या यंत्रापाशी, मी सांगून टाकलं.

"एक बोलू? रागवायचं नाही."

"आधी बोल. रागाचं मग बघू."

"मला ठरवता येत नाहीये. मला स्पॅनिश आवडतंय, की..."

"की?"

"की शेजारची खुर्ची."

तो कॉफीच्या पेल्यात बघत राहिला. त्याच्या गालावर काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं... हसूच असेल तर त्याने ते गिळलं.

"बिघाड सापडत नसला, की आम्ही एक करतो," तो म्हणाला. "एक जोडणी काढून ठेवायची. मग बघायचं, चालतंय का."

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारी मी दुसरीकडे बसतो."

"आणि नाही चाललं, तर?"

"तर तू भट्टीवर जा. ते कामही चांगलंच आहे." एवढं म्हणून त्याने पेला फेकला आणि जिना उतरला. एरवी तो माझ्यासाठी थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही.

*

गुरुवारी तो पहिल्या रांगेत बसला. माझ्या शेजारी आले पोस्टमनकाका. निवृत्त झाल्यावर शिकायला आलेले, वर्गातले सर्वांत वयस्कर, आणि चेहरा असा, की समोरच्याने पत्ता चुकवलाय.

बाईंनी सांगितलं, आपल्या कामाबद्दल शेजाऱ्याला पाच मिनिटं सांगा. मग त्यातल्या एकाला वर्गापुढे उभं करणार.

परीक्षकांनी विचारलेला तोच प्रश्न! मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. त्याची पाठ दिसली. पाठ काही बोलत नव्हती.

"हं," पोस्टमनकाका स्पॅनिशमध्ये म्हणाले. "सांगा."

मी सांगितलं, मी दात बनवते.

"कुणाचे?"

मला माहीत नाही, मी म्हणाले. मला माणसं दिसत नाहीत. त्यांची नुसती तोंडं माझ्याकडे येतात.

पोस्टमनकाकांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "माझ्याकडे माणसांची नुसती दारं यायची," ते म्हणाले. "पुढे?"

आणि मी पुढे गेले. मेणाला काय म्हणतात ते आठवेना, तेव्हा मेणबत्ती पेटवून विझवायचा अभिनय केला. मी सांगितलं, की ठशावरून मला कळतं कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं. सांगितलं, की अगदी पांढरा दात खोटा दिसतो, म्हणून मी त्यात चिमूटभर पिवळा मिसळते. खूप चुकले. दोनदा अडकले. काका अडकू देत होते, सोडवत नव्हते, नुसतं "पुढे?" म्हणत होते.

बाईंनी मलाच उभं केलं. मी तेच पुन्हा सांगितलं, वर्गाला. मेणबत्तीपाशी सगळे हसले. माझं काही बिघडलं नाही. उलट हसू थांबेपर्यंत मी थांबले, आणि मग पुढचं वाक्य मीच टाकलं, मुद्दाम, आणखी हसवायला.

तो मागे वळला नाही. फक्त त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला सांगितलं, की मी स्पॅनिश घेते.

आत्याने हातातला दात उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. "मग भाऊंना पाठवते. भट्टी त्यांच्याकडे जाईल."

"माहीत आहे."

"उद्या सुट्टी त्यांच्याकडे मागावी लागेल."

"मागेन."

"आणि तो बिनमिशांचा वर्ग सोडून पळाला तर?"

"तर पोस्टमनकाका आहेत."

आत्या हसली, पण दात खाली ठेवताना तिचा हात जरा जड पडला. तिची भट्टी मलाही हवी होती. नको असती, तर ठरवायला तीन आठवडे लागलेच नसते.

*

सोमवारी बाईंकडे नाव नक्की केलं. तास सुटला, बाहेर भुरभुर पाऊस होता. तो फाटकापाशी उभा होता. छत्री बंद, केस ओले.

"घेतलंस?"

"घेतलं."

"माझ्याशिवाय चाललं की."

"मस्त चाललं. तू मागे वळून तरी बघायचंस."

"बघितलं असतं, तर परत येऊन बसलो असतो."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिच्या चाकांचा ओला आवाज संपेपर्यंत मी थांबले.

"आता दुसरं सांगते," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. हे वेगळं आहे. याचा त्या वर्गाशी काही संबंध नाही."

त्याने छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आपल्याच भाषेत सांगितलंय," मी म्हणाले. "कळलं ना?"

"कळलं. म्हणून तर..." तो थांबला. "मलाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून नाही हं. पहिल्या दिवशी तू फार कडक होतीस. तू वही मारलीस ना, तेव्हापासून."

"मग आणखी आधी मारायला हवी होती."

आता आम्ही दोघंही छत्रीखाली होतो. ती छत्री एका माणसाची होती, त्यामुळे त्याचा एक खांदा भिजत होता आणि माझा एक.

"गुरुवारपासून परत तुझ्या शेजारी बसतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही. वर्गात मी काकांच्या शेजारीच बसणार. तिथे मला बोलावं लागतं. तुझ्या शेजारी मी रविवारी बसेन."

"कुठे?"

"ते तू ठरव," मी म्हणाले. "माझं ठरवून झालंय."